उद्यमनगरातला ‘पाण्याचा गॅस’: एका जनरेटरवरची चाचणी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं एक छोटं मशीन शॉप. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतात. पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्हची झाकणं, असला माल. टर्निंग-ड्रिलिंग होऊन तो परत जातो. लाइट गेली की मागच्या पत्र्याच्या खोपीतला १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर सुरू होतो. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. मालकांच्या वहीप्रमाणे जनरेटर दिवसाला सरासरी ३ तास चालतो. तेवढ्या वेळात सगळी मशीन एकदम कधीच चालत नाहीत. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, दिवे आणि पंखे मिळून लोड ६ किलोवॅटच्या आसपास राहतो. डिझेल तासाला २.२ लिटर, म्हणजे महिन्याला १६५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर जवळपास १५ हजार रुपये.

हा १५ हजारांचा आकडा एका विक्रेत्याच्या कानावर गेला आणि हे प्रकरण सुरू झालं. त्यानं चाळीसएक हजारांचं ‘हायड्रोजन किट’ बसवून दिलं, म्हणजे पाण्यातून वीज सोडून निघणारा गॅस इंजिनाच्या हवेत सोडणारा डबा. २५ टक्के डिझेल वाचेल आणि वर्षाच्या आत पैसे वसूल होतील, असं सांगितलं. बसवताना इंजिनाचं सर्व्हिसिंग फुकट करून दिलं. एअर फिल्टर नवीन, डिझेल फिल्टर नवीन, इंजेक्टर कॅलिब्रेशनला पाठवून आणलेले. पुढच्या महिन्यात वहीत डिझेल खरोखरच कमी दिसलं. मालकांचा पुतण्या मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, हाताचा कसबी. तो त्याच्याही पुढं गेला. गॅस नुसता हवेत सोडण्यापेक्षा गॅस आणि पाणी दोन्ही थेट डिझेलमध्येच घोटून घातलं तर? त्यानं जुन्या मिक्सरच्या मोटरवर घरचं यंत्र जुळवलं आणि त्यातून दुधासारखं पांढरं डिझेल काढलं. इंजिन त्यावर चाललंसुद्धा.

मला बोलावणं आलं ते शंकेपोटी नाही. पाहुण्यांच्या गुऱ्हाळावरच्या इंजिनाला असंच किट घ्यायचं ठरत होतं. “साहेब, तुम्ही फक्त किती टक्के वाचतंय तेवढं लिहून द्या. पाहुणा कागद बघितल्याशिवाय पैसं सोडत न्हाई.” मी ऊर्जा लेखापरीक्षणाची कामं करतो. टक्के लिहून देणं हाच माझा धंदा, त्यामुळे नाही म्हणायचं कारण नव्हतं.

किटमध्ये काय आहे

स्टेनलेस स्टीलच्या सात प्लेटा, मधे रबरी गॅस्केट, दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिकची जाड झाकणं आणि सगळं बोल्टनं आवळलेलं. हा गॅसचा सेल. आत कॉस्टिक पोटॅश घातलेलं पाणी. १२ व्होल्टच्या बॅटरीचा करंट सोडला की पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन-ऑक्सिजन एकाच नळीतून बाहेर पडतात. नळी एका पाण्याच्या बाटलीतून, म्हणजे बबलरमधून, जाऊन एअर फिल्टरच्या पुढं इनटेकला जोडलेली. बाजारात याला एचएचओ म्हणतात, कुणी ब्राउन गॅस म्हणतं. डब्यावर ‘मिनिटाला ३ लिटर गॅस’ असं छापलेलं होतं.

विद्येच्या बाजूनं यात काही खोटं नाही. पाण्यातून वीज सोडली की हे दोन वायू निघतात हे शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवतात. हायड्रोजनवर इंजिन चालवायची कल्पना पेट्रोल-डिझेलच्याही आधीची आहे. द रिवाझ या स्विस माणसानं १८०७ मध्येच तसं इंजिन केलं होतं. प्रश्न एवढाच की पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. चुलीतल्या राखेचं परत लाकूड करायचं तर लाकडानं दिलेली सगळी ऊर्जा आधी परत मोजावी लागेल, आणि वर घट सोसावी लागेल. एक मोल पाणी, म्हणजे १८ ग्रॅम, फोडायला किमान २८६ किलोज्यूल लागतात. तोच हायड्रोजन जाळून त्यापेक्षा एक ज्यूलही जास्त मिळत नाही. प्लेटांचा आकार बदला, करंटचे झटके द्या, काहीही करा, हा हिशेब बदलत नाही.

अँमीटर काय सांगतो

गॅस मोजायच्या आधी मी अँमीटर बघितला. १५ अँपिअर, बॅटरी टर्मिनलवर १३.८ व्होल्ट. सात प्लेटांमध्ये सहा घरं, म्हणजे प्रत्येक घराला २.३ व्होल्ट. इथं फॅरेडेचा नियम कामाला येतो. एका घरातून एक अँपिअर करंट एक मिनिट गेला तर साध्या तापमानाला दोन्ही वायू मिळून ११.४ मिलिलिटर निघतात. यापेक्षा जास्त निघूच शकत नाही. १५ अँपिअर आणि सहा घरं म्हणजे मिनिटाला साधारण एक लिटर. डब्यावरच्या तीन लिटरांची तिथंच वाट लागली.

पुतण्या म्हणाला, “पण सर, फुगा लावून बघितला तर दोन मिनिटांच्या आत टम्म व्हतंय.” बरोबर आहे. अर्धा तास चालल्यावर सेल ६०-७० अंशांपर्यंत तापतो आणि गॅसबरोबर वाफही येते. ७० अंशांना बाहेर पडणाऱ्या आकारमानातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती वाफ असते. थंड पाण्याच्या बादलीत उलटी बाटली धरून मोजल्यावर वाफ पाण्यात विरली आणि लिटरभरच गॅस उरला.

आता या एका लिटरची किंमत काढू. त्यात हायड्रोजन दोन तृतीयांश, वजनानं ०.०५५ ग्रॅम. हायड्रोजनची ऊर्जा ग्रॅमला १२० किलोज्यूल. वजनाला ती डिझेलच्या जवळपास तिप्पट भरते, आणि जाहिरातीत नेमका हाच आकडा ठळक छापतात. पण मिनिटाला ०.०५५ ग्रॅम म्हणजे ६.६ किलोज्यूल, म्हणजे सलग ११० वॅट. त्याच वेळी इंजिन डिझेलमधून २२ किलोवॅट इतकी ऊर्जा घेत असतं. ११० वॅट म्हणजे त्याच्या अर्धा टक्का.

आणि हे ११० वॅट मिळवायला बॅटरीतून २०७ वॅट जातात. बॅटरी त्याच जनरेटरवरच्या चार्जरनं भरायची, तर चार्जरची घट धरून पावणेतीनशे वॅट. ते पावणेतीनशे वॅट बनवायला सिलिंडरमध्ये सुमारे एक किलोवॅटचं डिझेल जळतं. थोडक्यात, हजार वॅटचं डिझेल जाळून ११० वॅटचा हायड्रोजन.

मालकांना सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. “आठवडाभर चालवलं तरी पाणी हलत न्हाई वो! लिटरभर पाणी किती दिवस पुरतंय!” हा किटचा गुण म्हणून सांगितला गेला होता. खरं तर हाच पुरावा होता. तासाला ३० ग्रॅम पाणी फुटतं, म्हणून लिटरभर पाणी ३३ तास पुरतं. ३० ग्रॅम पाण्यात हायड्रोजन सव्वातीन ग्रॅमच्या थोडा वर. एवढ्याशा हायड्रोजनला दोन लिटर डिझेलच्या जागी उभं करायचं होतं.

यावर विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर फोनवर मिळालं: हायड्रोजन इंधन म्हणून नाही, तो ‘ज्वलन पूर्ण करतो’. ऐकायला पटतं, कारण हायड्रोजनची ज्योत हवेत डिझेलच्या वाफेपेक्षा कितीतरी पट वेगानं पळते. पण धड अवस्थेतल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त इंधन तसंही जळतंच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. उरलेलं दोनेक टक्के सगळंच्या सगळं जाळलं तरी २५ टक्के कुठून येणार?

हायड्रोजन मिसळून इंजिन चालवणं मुळात खोटं आहे, असा याचा अर्थ नाही. दिल्लीत २०२० मध्ये ५० बसगाड्या सीएनजीत १८ टक्के हायड्रोजन मिसळून चालवून बघितल्या. पण तो गॅस डेपोतल्या प्लांटमधून भरून यायचा. त्याची ऊर्जा बसच्याच बॅटरीतून काढलेली नव्हती. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, त्यातला हायड्रोजनही सौर-पवन विजेवर करायचा आहे. इंजिनानं स्वतःची वीज वापरून स्वतःचं इंधन करायचं आणि त्यात नफाही काढायचा, असं त्या योजनेत कुठं नाही.

तरी पण हिशेब कागदावर राहिला. उद्यमनगरात कागदाला मान नाही. इथं मशीन चालवून दाखवावं लागतं.

पिंपातले हीटर

वहीतली बचत ‘तासाला किती लिटर’ या मापानं काढलेली होती. सगळा घोळ याच मापात होता. हा जनरेटर रिकामा फिरवत ठेवला तरी तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल खातो. एक लेथ चालली तर एक आकडा, वेल्डिंग लावलं तर दुसराच. आणि किट बसायच्या आधीच्या महिन्यात शेडच्या ग्रिलचं वेल्डिंग याच जनरेटरवर झालं होतं. वहीत ते कामाच्या पानावर होतं, डिझेलच्या पानावर नव्हतं. पॅनेलवर तासांचं मीटर होतं, युनिटचं नव्हतं. टाकी मोजायची ती लाकडी पट्टी बुडवून, आणि खोपीची फरशी एका बाजूला उतरती.

म्हणून आधी लोड कायम केला. २०० लिटरचं पत्र्याचं पिंप, त्यात २ किलोवॅटचे तीन गिझर हीटर, प्रत्येक फेजला एक, वर नळाची धार चालू. न हलणारा ६ किलोवॅटचा लोड. तरीही व्होल्टमीटरवर एक माणूस बसवला, कारण व्होल्टेज २ टक्के घसरलं तर हीटरचा लोड ४ टक्के घसरतो आणि तेवढ्यानं ‘बचत’ दिसायला लागते. जोडीला युनिटचं मीटर लावलं. डिझेल टाकीतून बंद करून खुणा केलेल्या ५०० मिलिलिटरच्या काचेच्या नळकांड्यातून दिलं. इंजेक्टरमधून परत येणारं डिझेलही टाकीत न सोडता त्याच नळकांड्यात सोडलं. ही परतीची नळी पुष्कळ जण विसरतात आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही. इंजिन तापून स्थिरावल्यावर घड्याळ लावलं: ५०० मिलिलिटर संपायला किती वेळ?

किट बंद ठेवून १३ मिनिटं ३० ते ४० सेकंद. एवढा वर-खाली फरक मोजणाऱ्याच्या डोळ्याचा असतोच.

किट चालू, पण सेलला वीज बाहेरून चार्ज करून आणलेल्या बॅटरीची: पुन्हा तेवढाच वेळ. अर्धा टक्का म्हणजे चार सेकंद. ते त्या दहा सेकंदांत कुठंतरी असतील, पण दिसण्याजोगे नव्हते. विक्रेत्याचं प्रात्यक्षिक असंच झालं होतं, बॅटरी तो गाडीतून घेऊन आला होता.

किट चालू आणि बॅटरी जनरेटरच्याच चार्जरवर: नळकांडं वीसेक सेकंद आधी रिकामं. म्हणजे किट डिझेल वाचवत नव्हतं, थोडं खात होतं.

मग मालकांना म्हटलं, जुना एअर फिल्टर आहे का? उद्यमनगरात काही फेकत नाहीत, रॅकवर होताच. बिडाच्या भुशानं आणि काजळीनं त्याच्या घड्या भरून गेलेल्या. टॉर्चचा उजेड आरपार जाईना. तो लावून, किट बंद ठेवून मोजलं तर नळकांडं अर्धा मिनिट लवकर संपलं आणि सायलेन्सरमधून काळा धूर दिसायला लागला. दिवसभरातला नजरेत भरणारा फरक एवढाच. तो फुकट बदलून मिळालेल्या फिल्टरचा होता, आणि फिल्टरची किंमत किटच्या तुलनेत चिल्लर.

मालक बराच वेळ गप्प होते. मग मिस्त्रीला म्हणाले, “म्हणजे चाळीस हजाराचा फिल्टर घेतला की रं आपण.”

दुधी डिझेल

पुतण्याच्या यंत्राकडं मी जास्त आस्थेनं बघितलं, कारण त्यामागं खरी विद्या आहे. डिझेलमध्ये १० ते २० टक्के पाणी अगदी बारीक थेंबांत विखरून ठेवलं तर ते जळतं. सिलिंडरच्या उष्णतेत डिझेलच्या थेंबातलं पाणी आधी उकळतं, थेंब आतून फुटतो आणि डिझेल अजून बारीक होऊन हवेत मिसळतं. पाण्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं, त्यानं नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी दोन्ही कमी होतात. अमेरिकेत आणि युरोपात असं इंधन काही वर्षं बाजारात विकलं गेलं, तेही शहरातल्या प्रदूषणासाठी. पाण्यातून ऊर्जा मिळते असा दावा तिथं कुणी केला नव्हता.

पुतण्यानं मिश्रण टिकावं म्हणून भांडी घासायचं लिक्विड घातलं होतं. नेमकं उलटं काम करणारी वस्तू. असलं साबण पाण्यात तेल विखरायला चांगलं. आपल्याला तेलात पाणी विखरायचं आहे. त्याला स्पॅन-८० सारखं तेलाच्या ओढीचं रसायन लागतं. शिवाय लिक्विडमधलं सोडियम जळत नाही, राख होऊन इंजेक्टरच्या तोंडावर बसतं. संध्याकाळी केलेलं मिश्रण सकाळी बघितलं तर कॅनच्या तळाला बोटभर पाणी, मधे साईसारखा थर, वर डिझेल.

ताजं घोटून लगेच मोजलं. १० टक्के पाण्याचं मिश्रण ५०० मिलिलिटर घेतलं, ते सव्वाबारा मिनिटांत संपलं. त्यात डिझेल ४५० मिलिलिटर. साध्या डिझेलचे ४५० मिलिलिटर संपायलाही तेवढाच वेळ लागतो. पाण्यानं काही दिलं नाही आणि मोजण्याइतकं काही घेतलंही नाही. धूर मात्र स्पष्टच कमी होता. पांढरा कागद सायलेन्सरपुढं धरल्यावर डाग फिकट आला. इंजिनाचा ठोका कर्कश झाला, कारण पाण्यामुळे इंधन पेटायला क्षणभर उशीर होतो आणि मग एकदम भडकतं. पुतण्याचा चेहरा पडला होता, तो धुराच्या कागदानं जरा खुलला. ते त्याचं श्रेय होतंच.

पण तो हे रोज वापरणार होता, त्याला मी ठाम विरोध केला. फ्युएल पंपाचा प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि त्यांना वंगण म्हणून डिझेलच असतं. तिथं पाणी गेलं, पावसाळ्यात मशीन चार दिवस बंद राहिलं, की गंज धरला. पंप जाम झाला तर दुरुस्तीत सगळ्या बचतीच्या स्वप्नांचा चुराडा. आपल्याकडं डिझेलच्या मानकात पाण्याची कमाल मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. याचं मिश्रण त्याच्या पाचशे पटीच्या वर. शेजारच्या शेडना कॅननं विकायचा विचारही त्याच्या मनात घोळत होता. त्याला सांगितलं, डिझेलमध्ये काही मिसळून विकणं हा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली काढलेल्या २००५ च्या आदेशानं गुन्हा आहे. तिथं हेतू चांगला होता, हे कारण चालत नाही.

गॅस घोटण्याचा भाग तर हिशेबातच बसत नाही. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो. डिझेलमध्ये त्यापेक्षा काही पट जास्त, तरी लिटरमागं जेमतेम एक किलोज्यूल. लिटरभर डिझेलची स्वतःची ऊर्जा ३६ हजार किलोज्यूल. बाकीचा गॅस बुडबुडे होऊन वर येतो आणि झाकणाखाली साठतो.

झाकणाखाली

या मुद्द्यावर मी त्या दिवशीचं काम थांबवलं होतं, आणि टक्क्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

पुतण्याचं यंत्र असं: २० लिटरचं प्लास्टिकचं पिंप, त्यात डिझेल आणि पाणी. सेलची नळी पिंपाच्या तळाशी. झाकणाच्या मधोमध भोक पाडून घरातल्या जुन्या मिक्सरची मोटर उलटी बसवलेली, तिच्या दांड्याला पातं. मोटर चालू केल्यावर तिच्या खालच्या झरोक्यातून बघितलं. कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासत होते आणि निळ्या ठिणग्या सतत तुटत होत्या, जुन्या मिक्सरमध्ये तुटतात तशाच. झरोक्यापासून झाकणाच्या भोकापर्यंत चार बोटांचं अंतर. भोकातून दांडा जातो, म्हणजे ते बंद असणं शक्यच नाही.

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के अशा कुठल्याही प्रमाणात पेटतो, आणि पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात. नायलॉनचा शर्ट काढताना बसणारा चटका याच्या कितीतरी पट मोठा असतो. इथं तर हवेचाही प्रश्न नव्हता. सेलमधून येणारा गॅस म्हणजे दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन, स्फोटाला जे प्रमाण लागतं ते अचूक तयार होऊनच बाहेर पडतं. हे मिश्रण नळीत पेटलं तर ज्योतीचा धक्का सेकंदाला दोन-अडीच किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. खाली डिझेल, वर हा गॅस, बाजूला ठिणग्या, आणि जवळ उभा राहून वाकून बघणारा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. आजवर काही झालं नाही, कारण खोपीला पत्र्याखाली सगळीकडून वारा आहे आणि हायड्रोजन हलका, भसकन वर उडून जातो. दार लावून रात्रीचं चालवलं असतं तर हे प्रकरण मला वेगळ्या कागदावर लिहावं लागलं असतं.

मी आधी सेलची वायर काढायला लावली आणि झाकण उघडून वारा घातला. मोटरच्या बटणाला शेवटपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, मुख्य स्विच बोर्डावरूनच बंद केला. दुधी डिझेलची चाचणी नंतर घेतली ती गॅसशिवाय आणि बंदिस्त इंडक्शन मोटरवर.

विकतच्या किटमध्येही हा दोष आहे, फक्त झाकलेला. त्याचा बबलर म्हणजे पेट बॉटलच्या जातीची पातळ बाटली. इंजिनानं इनटेकमध्ये ज्योत मागं मारली तर ती याच पाण्यात विझायला हवी. पाणी कमी झालं किंवा बाटली फुटली तर थेट सेलपर्यंत. इंजिन बंद झालं तरी सेल चालू राहायचा, कारण त्याची वायर सरळ बॅटरीला. थांबलेल्या इंजिनाच्या इनटेकमध्ये गॅस भरत राहणार आणि पुढचा स्टार्टर मारला की... मिस्त्रीनं सांगितलं, एकदा स्टार्ट करताना “फटाका वाजल्यागत” आवाज झाला होता. त्याला ते किटची ताकद वाटली होती.

तपकिरी पाणी

सेलमधलं पाणी गढूळ तपकिरी झालं होतं. विक्रेत्यानं सांगितलं होतं की पाणी बदलत राहा, जुनं गटारीत ओता. प्लेटा हलक्या प्रतीच्या स्टेनलेसच्या असल्या की धन बाजूची प्लेट विरघळते आणि त्यातलं क्रोमियम षट्संयुजी रूपात पाण्यात उतरतं. कॅन्सरला कारण ठरणारा हा पदार्थ. इलेक्ट्रोप्लेटिंगवाल्यांना याची चांगली ओळख असते, प्रदूषण मंडळाचे नियम त्यांच्यावर त्यासाठीच कडक आहेत. आणि इथल्या गटारी कुठं जातात? जयंती नाल्याला, तिथून पंचगंगेला. ते पाणी कॅनमध्ये भरून एका प्लेटिंगवाल्याच्या सांडपाणी प्रक्रियेत दिलं. तिथं फेरस सल्फेट घालून त्याचं कमी घातक रूप करतात आणि चुन्यानं गाळ खाली बसवतात.

कॉस्टिकचे बारीक तुषार गॅसबरोबर इनटेकमध्ये जातात, ही अजून एक गोष्ट. ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि कॉस्टिक यांचं जमत नाही.

लोक का विश्वास ठेवतात

मालक अडाणी नाहीत. थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, हिशेब बोटांवर करणारा माणूस. पाण्याचं इंधन करण्याच्या दाव्याला मोठमोठी माणसं फसलेली आहेत. तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी १९९६ मध्ये जडीबुटीपासून पेट्रोल केल्याचं सांगितलं तेव्हा देशभर गाजावाजा झाला. २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टानं त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याच १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायोत स्टॅन्ली मेयरच्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा कोर्टानं उघड फसवणूक ठरवला आणि गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत द्यायला लावले. पण माझ्या मते आपल्या मालकांच्या बाबतीत वेगळं घडलं. त्यांना कुणाच्या खोट्या आकड्यावर विसंबावं लागलं नाही, आकडा त्यांच्याच वहीत खरा आला होता. सर्व्हिसिंग, वेल्डिंगचं संपलेलं काम आणि उतरती फरशी यांनी मिळून तो आणला होता. हुशार विक्रेता फुकट सर्व्हिसिंग देतो, ते उगीच नाही.

पुढं

पाहुण्यांसाठी जो कागद द्यायचा होता त्यावर मी ‘बचत: शून्य, गॅस सेलसाठी जनरेटरचीच वीज वापरल्यास तोटा’ असं लिहिलं आणि खाली मोजमापाचा तक्ता जोडला. गुऱ्हाळाचं किट रद्द झालं. विक्रेत्यानं आधी इंजिन जुनं आहे म्हणून हात वर केले, मग तक्ता बघून निम्मे पैसे परत करायला तयार झाला; बाकीच्यासाठी मालक ग्राहक आयोगाकडं जायचं म्हणतायत.

जनरेटरवर युनिट मीटर कायमचं बसलं. आता वहीत ‘लिटरला किती युनिट’ असा रकाना आहे. ६ किलोवॅटवर तो २.७ च्या आसपास येतो. दोन किलोवॅटवर चालवलं की आकडा कोसळतो, म्हणून मालकांनी कामाची वेळ बदलली. लाइट गेली की एका लेथसाठी जनरेटर लावत नाहीत; दोन जॉब साठवून एकदम चालवतात. एवढ्यानं महिन्याचं डिझेल उतरलंय, आणि यासाठी कुणाला काही द्यावं लागलं नाही. लहान, ७.५ केव्हीएचा सेट घ्यावा का, यावर विचार सुरू आहे.

पुतण्यानं मिक्सरची मोटर काढून टाकली. पिंप आणि तीन हीटर मात्र ठेवलेत. शेजारच्या शेडवाल्यांनी आपापले जनरेटर तपासायला ते मागून नेलंय, आणि प्रत्येक वेळी नळकांड्याजवळ घड्याळ घेऊन तोच बसतो. परतीची नळी आधी बघायची, हे तो आता दुसऱ्यांना सांगतो.